फुमिकोमावशींची चहाची पेटी

पेटीचं झाकण काढलं की आधी वास येतो. हलक्या लाकडाचा, जुन्या रेशमाचा, आणि त्याच्याखाली कुठेतरी हिरव्या चहाच्या पुडीचा, सावलीत वाळवलेल्या कोवळ्या गवतासारखा. इथे पूर्व किनाऱ्याकडच्या श्रूजबरीत जानेवारीत दारं-खिडक्या बंदच असतात. हीटर घरातला सगळा ओलावा पिऊन टाकतो. फोडणीचा वाससुद्धा फार वेळ टिकत नाही. पण या पेटीत अजून आमच्या आधीच्या गावाची, सनीव्हेलची हवा आहे. मी ती पुरवून वापरते. झाकण उघडते, एकदा श्वास घेते, लगेच लावते.

पेटी केवढी, तर आपल्याकडच्या पोळ्यांच्या डब्याएवढी. आत सगळी भातुकली. वाडग्यात वाडगा, आतल्या वाडग्यात रेशमी पिशवीतली काळी लाखेची डबी, बाजूला बांबूची बारीक रवी तिच्या नळीत उभी, पांढरं फडकं त्याच्या नळीत, वाकवलेल्या बांबूचा चमचा. जपानी लोक चहा करतात तो एरवी खोलीत बसून, पण बागेत, नदीकाठी, प्रवासात, कुठेही बसून करता यावा म्हणून ही पेटी. झाकण हेच तबक आणि पेटी हाच ओटा. प्रत्येक वस्तूला आपली जागा. त्यातली एक जागा वर्षभर रिकामी होती, त्यामुळे पेटी उचलली की आतलं सगळं किणकिणायचं.

त्या जागेवरची बाटली काल पोस्टाने परत आली. मुठीत मावेल एवढी, कमरेत आवळलेली, दुधी रंगाची, चिनी मातीची. तोंड बारीक, त्याला गवत विणून केलेलं बूच. जपानी मिठाईचे दाणे ठेवायची बाटली ती. गेल्या संक्रांतीला मी ती आपल्या काटेरी हलव्याने भरून फुमिकोमावशींना पाठवली होती. मावशी पानगळीत गेल्या. त्यांच्या मुलाने, केनने, त्यांची खोली आवरली आणि बाटली मला पाठवून दिली.

मी ती अजून उघडलेली नाही. हलवूनही पाहिली नाही. पार्सलमधून काढली तीसुद्धा आडवी, दोन्ही हातांत धरून, आवाज होऊ नये अशी. आत हलवा तसाच असेल, तर तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही असं होईल. आणि बाटली रिकामी असेल तर काय होईल, ते सांगायला मला मागे जावं लागेल.

"आई, जस्ट ओपन इट," सई शाळेतून आल्या आल्या म्हणाली.

"बघू."

"यू ऑल्वेज से बघू."

खरं आहे. कालपासून गॅसवर परात आहे, परातीत तीळ आहेत, पाक घालत बोटांनी हलवत बसले आहे. परवा संक्रांत.

सनीव्हेलला आम्ही आलो तेव्हा सई पोटात होती. हे माझ्या आत्याचा मुलगा, लग्न लहानपणीच ठरल्यासारखं. पुढे हे शिकत गेले, पुण्याला गेले, कॉम्प्युटरमध्ये गेले, आणि मी सातवीवर होते तिथेच राहिले. आई गेली आणि शाळा सुटली, एवढंच. ह्यांनी शब्द फिरवला नाही. फिरवला असता तरी आमच्या घरातलं कुणी काही बोललं नसतं, म्हणून तर ते माझ्या मनात जास्त राहिलं आहे.

सकाळी कंपनीची बस ह्यांना घेऊन जायची आणि मग दिवसभर मी आणि ते अपार्टमेंट. गालिचाचा वास, फ्रिजची घरघर, लांबून कॅलट्रेनचा भोंगा. दारावर कुणी कागद चिकटवून गेलेलं दिसलं की तो काढून एकेक अक्षर लावत बसायचे. बहुतेक वेळा तो पिझ्झाचा असायचा. पण वाचून समजेपर्यंत माझे हात गार.

कॉम्प्लेक्समध्ये मराठी बायका होत्या, चांगल्या होत्या. कुणी बी.ई., कुणी एम.एस्सी. "तुझं काय झालंय गं?" असं विचारायच्या. मी म्हणायचे, सातवी. मग त्या एकदम जास्त प्रेमाने बोलायला लागायच्या. ते प्रेम माझ्या मनाला लागायचं. वैशाली एक तशी नव्हती. कोथरूडची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "सातवी तर सातवी. पण पोळ्या तुझ्यासारख्या येत नाहीत यार मला, आधी ते शिकव." तिच्यामुळे मी त्या बायकांत बसत होते.

पहिली संक्रांत आली आणि गेली. तिळगूळ केला, हलवा कुठला मिळणार. सई तीन-चार महिन्यांची, तिला स्ट्रोलरमध्ये घालून मी पार्कात गेले होते. थंडी आपल्याकडच्यासारखीच, पण ओलसर, हाडांत शिरणारी. पार्कात बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. निळा हातविणीचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. शेजारी थर्मास आणि ही पेटी. ती एकटीच होती, पण समोर कुणी पाहुणे बसले आहेत अशा बेताने एकेक वस्तू काढून मांडत होती. मी थांबून बघत राहिले. सई झोपली होती म्हणून थांबता आलं.

बाईने मान वर केली, हसली, बाकावर हात थोपटला. मी बसले. इंग्रजीची भीती होती, पण तिने काही विचारलंच नाही. बाटली उचलली, बूच काढलं, माझ्या तळव्यावर हलवली. पांढरे, गुलाबी, पिवळे दाणे पडले. अंगभर काटे असलेले.

"हलवा," मी मराठीतच म्हटलं.

तिने काहीतरी वेगळा शब्द सांगितला. मी पुन्हा म्हटलं, हलवा. एक दाणा तोंडात टाकला, आणि त्या परक्या बागेत, परक्या बाईशेजारी बसून माझे डोळे असे भरून आले की पुढचं काही दिसेना. तिने चहा घुसळून वाडगा माझ्या हातात दिला. हिरवागार, फेसाळ, कडू. पाडव्याला आपण आधी कडुलिंब खातो आणि मग गोड. यांच्यात उलटं, आधी गोड, मग कडू.

आमच्या गावी संक्रांतीच्या आधी आठवडाभर आईची शेगडी परसात असायची. वर पितळेची परात, तिच्यात तीळ. पाक एकतारीच्या जरा अलीकडचा. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं, तो सुकला की पुन्हा चमचाभर. बोटं भाजायची. आई मधूनच कानाची पाळी धरायची, गार वाटतं म्हणून. कोळशाचा धूर, तापलेल्या पितळेचा वास, साखरेचा वास, आणि तिच्या बांगड्यांचा परातीवर होणारा आवाज. मग कधीतरी ती म्हणायची, "बघ, काटा आला." मला दिसायचाच नाही. मी वाकून बघायचे आणि ती म्हणायची, "डोळ्यांनी नाही गं, बोटांनी." तीळ कसे घ्यायचे, पाक कसा करायचा, एवढं मी शिकले. काटा कसा आणायचा ते पुढच्या वर्षी शिकवणार होती.

त्या बाईचं नाव फुमिको. मी तिला मावशी म्हणायला लागले आणि तिने ते आपलंसं करून घेतलं. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं जुनं बैठं घर होतं. अंगणात पर्सिमनचं झाड, पानं गळाली तरी फळं लटकलेली, केशरी दिव्यांसारखी. नवरा कधीच वारला होता. त्यांची पूर्वी शेवंतीची शेती होती, काचघरांत, आता जिथे कंपन्यांच्या इमारती आहेत तिथे. "तुझा नवरा बसतो ना, तिथेच असेल," त्या म्हणायच्या. मला वाटायचं, ह्यांच्या टेबलाखाली शेवंतीची मुळं असतील.

पेटी त्यांच्या आईची. मावशी लहान असताना, लढाईच्या दिवसांत, जपान शत्रू म्हणून सरकारने तिथल्या सगळ्या जपान्यांना घरं सोडायला लावली होती. हातात मावेल तेवढंच न्यायचं. आईने ही पेटी घेतली. वाळवंटातल्या छावणीत चहाची पूड कुठली. मग आई नुसतं गरम पाणी वाडग्यात घालून घुसळायची, वाडगा फिरवून पुढ्यात ठेवायची आणि मुलांनी तो दोन्ही हातांनी उचलून प्यायचा. मावशींनी हे एकदाच सांगितलं, फडक्याची घडी घालता घालता. मी विचारलं, "पाणी कसं लागायचं?" त्या म्हणाल्या, "गरम."

त्या मला शिकवायला लागल्या. मला कुणीतरी काहीतरी शिकवायला बसवलं, हेच मला खूप होतं. किती शिकलीस, हे त्यांनी कधी विचारलं नाही. रेशमी फडकं कसं दुमडायचं, डबीच्या झाकणावरून ते कसं फिरवायचं, रवी पाण्यात घालून वर धरून तिचे दात कसे बघायचे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे परत भरणं. जे शेवटी निघालं ते आधी आत जायचं. एक वस्तू चुकली की पुढची बसत नाही आणि झाकण वर राहतं. माझ्याकडून वाडगा फुटेल या भीतीने मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरायचे. मावशी म्हणायच्या, "फुटला तर चिकटवू. हा आधी एकदा चिकटवलाच आहे." आणि वाडग्याच्या काठाखालची बारीक रेघ दाखवायच्या.

वैशालीला मोठं नवल. "काय गं, आज पुन्हा टी पार्टी? आम्हाला कधी बोलावणार?" एकदा आली, चहा प्यायली, आणि घरी येताना म्हणाली, "पालकाची भाजी थंड करून प्यायल्यासारखं वाटलं मला. पण बाई गोड आहे."

डब्याचं मात्र आमच्या दोघींचं जमलं ते जमलंच. मी एकदा थालीपिठं पाठवली, आईच्या स्टीलच्या डब्यातून. त्या डब्यावर आईचं नाव घातलेलं आहे. मावशींनी अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, हे काय? म्हटलं, आई. दोन दिवसांनी डबा परत आला, त्यात पर्सिमनच्या फोडी. आता आपल्याकडे काय, शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची. मी काय करणार, पुढच्या वेळी पुन्हा काहीतरी घालून पाठवला. पुन्हा भरून आला. मग कळलं, त्यांच्यातही तसंच आहे. त्यांच्या आईनेही तेच शिकवलेलं. झालं, आता थांबणार कोण? डबा आमच्यात फिरतच राहिला. पोहे गेले, मुळ्याचं लोणचं आलं. पुरणपोळी गेली, जर्दाळूचा मुरंबा आला. त्यांच्याकडे काहीच नसलं तर अंगणातलं एखादं शेवंतीचं फूल. एकदा डब्यात नुसती काडेपेटी निघाली. हे हसून हसून बेजार. मी मावशींना विचारलं, तर त्या सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "घरात तेवढंच हाताला लागलं. काहीही चालतं. रिकामं नको."

त्याच वर्षी लोकांच्या नोकऱ्या जायला लागल्या. कॉम्प्लेक्समधल्या गाड्या कमी होत गेल्या. रविवारी पार्किंगमध्ये सोफे, मिक्सर, मुलांच्या सायकली मांडलेल्या, आणि कडेला त्यांच्या मालकिणी उभ्या, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता. वैशाली गेली तेव्हा तिची कढई मला देऊन गेली. "ठेव गं. तू तरी राहा इथे," म्हणाली. मग ह्यांचीही नोकरी गेली. व्हिसा नोकरीवर, घर नोकरीवर, सगळंच नोकरीवर. हे दिवसभर कॉम्प्युटरसमोर, आणि मी सईला घेऊन बाहेर, म्हणजे त्यांना आवाज नको. त्या दिवसांत मावशींच्या स्वयंपाकघरात बसून मी फडक्याच्या घड्या घालत बसायचे.  थर्मासमधलं पाणी वाडग्यात पडल्याचा आवाज, रवीचा सर्रसर्र आवाज. बाहेर जाताना त्या डबा हातात द्यायच्या, आणि त्या दिवसांत तो जरा जास्तच जड असायचा. पुढे ह्यांना दुसरीकडे लागलं, पगार कमी, पण लागलं.

दुसऱ्या संक्रांतीला सईचं बोरन्हाण केलं. मी आधी हलवा करून पाहिला. विजेची शेगडी, ओलसर हवा. तीळ पांढरे झाले, गोल झाले, पण काटा काही येईना. बोडका हलवा. मावशींनी एक दाणा उचलून बोटांत फिरवला. "याचे काटे कुठे गेले?" म्हणाल्या. मी म्हटलं, आईकडे राहिले. संध्याकाळी त्या सॅन होजेच्या जपानी दुकानातून त्यांच्या काटेरी दाण्यांच्या पिशव्या घेऊन आल्या, आणि आम्ही सईच्या डोक्यावरून कुरमुऱ्यांबरोबर तेच ओतले. सई ते वेचून खात बसली. मावशी गालिचावर मांडी घालून तिच्यासमोर. स्वेटरच्या बाहीत एक दाणा अडकला होता, तो त्यांनी काढून तोंडात टाकला.

दर वर्षी मी हलवा करायचे. दर वर्षी बोडका. आणि दर वर्षी मावशी बाटली कानाशी धरून हलवायच्या आणि म्हणायच्या, "ही मी तुझ्या काट्यांसाठी ठेवली आहे."

मग एका ऑक्टोबरात डबा रिकामा आला.

घासलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेलं. मी उघडला आणि आत माझाच चेहरा दिसला. पुन्हा झाकण लावलं, पुन्हा उघडलं. हे कामावरून आले तेव्हा मी तशीच ओट्यापाशी उभी.

"माझं काय चुकलं असेल हो?"

"अगं, विसरल्या असतील."

"असं कोण विसरतं?"

"म्हाताऱ्या आहेत त्या."

"काडेपेटी घालून पाठवणारी बाई आहे ती. विसरत नसते."

आपल्याकडे रिकामं भांडं आलं की त्याचा अर्थ एकच. आता येणं-जाणं नको. मी मागचं सगळं आठवून पाहिलं. दिवाळीच्या गडबडीत दोनदा बोलवूनही गेले नव्हते. सईने त्यांच्या झाडाची फांदी मोडली होती. भाजणीत तिखट जास्त झालं होतं. एकेक आठवायचं आणि मी पुन्हा डबा उघडून बघायचे. त्यांच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मी रस्ता बदलायला लागले. आईविना वाढलेल्या माणसाला एक सवय असते. कुणी दूर सरकलं की ते आपल्यामुळेच, असं वाटतं.

त्या मला दिसल्या त्या पार्कात, त्याच बाकावर. निळा स्वेटर, बटणं मात्र एकेक घर सोडून लावलेली. पेटी उघडी, सगळ्या वस्तू बाकावर पसरलेल्या. चहा पिऊन झाला होता. त्या एकेक वस्तू उचलत होत्या, पेटीत ठेवत होत्या, परत काढत होत्या. झाकण बसत नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वर पाहिलं. ओळख होती डोळ्यांत, राग कुठेच नव्हता. फक्त भीती होती. मला ती भीती ओळखता आली, कारण ती रोज माझ्याच अंगात असते.

"हे आत कसं जातं?" त्यांनी विचारलं.

मी शेजारी बसले. वाडगा, त्यात वाडगा, त्यात डबी. रवी, फडकं, चमचा. बाटली शेवटी. त्या लहान मुलासारख्या माझ्या हातांकडे बघत होत्या. झाकण बसलं तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, "तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "माझ्या मावशीने."

"चांगलं शिकवलं," त्या म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात मी रोज जायचे. डबा मी नेत राहिले, आणि परत येताना त्यात काय घालायचं ते मीच त्यांच्या हातात द्यायचे, लिंबू नाहीतर एखादं फळ. मग त्या ते डब्यात घालून मला द्यायच्या, आणि मी थँक यू म्हणायचे. कधीकधी सई बघायची आणि विचारायची, "आई, दॅट्स अवर लेमन, राइट?" मी तिला डोळ्यांनी गप्प करायचे.

केन सॅक्रमेंटोला राहायचा. चांगला माणूस, थकलेला. त्याने आईसाठी आपल्या घराजवळ एक जागा पाहिली, जिथे अशा माणसांची देखभाल करतात. घर विकायला निघालं. माणसं आली, त्यांनी पर्सिमनचं झाड एका सकाळीत तोडलं. करवतीचा आवाज आमच्या बाल्कनीत येत होता आणि मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. निघायच्या दिवशी मावशी ओसरीवरच्या खुर्चीत, पेटी मांडीवर. बहुधा लहानपणीही ती अशीच मांडीवर धरून गेल्या असतील. त्या दिवशी त्यांना सगळं आठवत होतं. अधूनमधून असा एखादा दिवस यायचा.

मी शेजारी बसले तशी त्यांनी पेटी माझ्या मांडीवर ठेवली.

"मावशी, हे केनचं आहे."

"केन कॉफी पितो," त्या म्हणाल्या. मग बाटली काढली, कानाशी धरली, हलवली. काहीच वाजलं नाही. "ही परत यायला हवी माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "काट्यांसकट."

गाडी वळली. त्यांनी मागे पाहिलं नाही. त्यांना कुणीतरी पट्टा लावला होता आणि त्या त्याच्याशी खेळत होत्या.

पुढच्या संक्रांतीला सनीव्हेलमध्येच हलवा केला, पुन्हा बोडका. पाठवला नाही. मग ह्यांची बदली इथे झाली. बर्फ मी पहिल्यांदा पाहिलं. झाडांच्या काड्या, पांढरं अंगण, आणि घरात ही कोरडी हवा, ओठ फुटतात, केस उभे राहतात, लोकरीला हात लावला की चटका बसतो. गेल्या जानेवारीत मी परात गॅसवर ठेवली ती सवयीने. दुसऱ्या दिवशी दुपारी पाक घालता घालता बोटांना काहीतरी टोचलं. मी वाकून बघितलं नाही. डोळे मिटले. काटा आला होता.

शेजारी सांगायला कुणी नव्हतं. सई शाळेत, हे कामावर. मी तशीच, चिकट बोटं वर धरून, ओट्याला टेकून उभी राहिले. मग बाटली भरली. ह्यांनी खोक्यात खोकं घालून ती बांधली आणि पोस्टात नेऊन दिली. नंतर केनचा फोन आला, बाटली पोचली म्हणून. आईने खाल्लं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. त्याने आपणहून सांगितलं की आता ती कुणाला ओळखत नाही, त्यालाही नाही.

आणि आता हा फोन, मागच्या आठवड्यातला. मावशी गेल्याचं त्याने आधीच कळवलं होतं. हा सामानाबद्दल होता. माझं इंग्रजी आता बरं आहे, तरी फोनवर मी उभीच असते.

"बाटली तुम्हाला पाठवतो," तो म्हणाला. "खिडकीत होती तिच्या. सुरुवातीला आई तिला कुणाला हातच लावू द्यायची नाही. तिथल्या बायका सांगत होत्या, बरेच दिवस बाटली हातात घेऊन खोलीभर फिरायची. काहीतरी शोधायची. काय ते कुणालाच कळलं नाही. मग एक दिवस थांबली, आणि बाटली दारातल्या टेबलावर नेऊन ठेवली. परत आत आणली की पुन्हा दारात नेऊन ठेवायची."

"आत काही होतं?" मी विचारलं.

"नाही पाहिलं. सॉरी, धुवायला हवी होती ना?"

"नको. बरं केलंत."

हे सगळं आठवता आठवता परातीतले तीळ पांढरे झाले आहेत. खिडकीबाहेर बर्फ पडून पडून थांबलं आहे आणि उजेड निळा झाला आहे. सई टेबलाशी गृहपाठ करते आहे, एक डोळा माझ्यावर. गॅस बंद केला. हात धुतले, पुसले. बाटली समोर घेतली.

बूच काढलं. मावशींनी शिकवलं होतं तसंच, उजव्या हातात बाटली, डावा तळवा खाली पाहुण्यासारखा पसरलेला. हलवली.

एकच काहीतरी पडलं. काटे नव्हते त्याला. चपटं, गोल, शिंपल्यासारखं चमकणारं. स्वेटरचं बटण. बाहीवरचं असावं, छोटं होतं. भोकांतून निळ्या लोकरीचा धागा अजून लोंबत होता, ओढून तोडलेला.

सई उठून आली आणि माझ्या तळव्यात डोकावली. "इट्स जस्ट अ बटन," ती म्हणाली.

"हो."

"व्हाय आर यू क्राइंग देन?"

मी तिला जवळ घेतलं. कधीतरी तिला डब्याचं सांगेन. बटण कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलं. मग परातीतला कोमट हलवा बोटांनी चाचपून बघितला, काटा आलेले दाणे तेवढे वेचले, आणि एकेक करून त्या बारीक तोंडातून आत सोडले. सईनेही सोडले, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. बाटली भरली. पाठवायला आता पत्ता नाही. बूच लावून ती पेटीत तिच्या जागेवर बसवली, झाकण लावलं, आणि पेटी उचलून कपाटात ठेवली.

आत काही वाजलं नाही.